नकाशावरील बिंदू आणि त्याचे अक्षांश-रेखांश

बोलीच्या अभ्यासात शब्दाइतकेच त्याचे स्थळही महत्त्वाचे असते. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोली-सर्वेक्षणमालेतील ‘कुडाळी’ (१९६५) यासारख्या ग्रंथांत एकेका बोलीचे वर्णन आले. पुण्याचे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या अलीकडील सर्वेक्षणात बोलींतील भेद नकाशांवर दाखविलेले आहेत. अशा नकाशास केवळ ग्रामनाम पुरत नाही. एकट्या पुणे जिल्ह्यातच वडगाव मावळ, वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक अशी अनेक वडगावे आहेत. म्हणून प्रत्येक नोंदीस अक्षांश व रेखांश जोडावे लागतात.

क्यूजीआयएस या मुक्त नकाशाप्रणालीत पायथन भाषेतील लहानशा आज्ञावलीने हे कार्य साधते. नकाशावर क्लिक होताच त्या बिंदूची वार्ता देणारे साधन प्रणालीत सिद्धच असते. त्या वार्तेनंतर काय करावयाचे, एवढेच आज्ञावलीत लिहावयाचे असते. तथापि येथेच प्रमाद संभवतो. प्रणाली जो बिंदू देते तो नकाशाच्या प्रक्षेपणातील असतो, भूगोलावरील नव्हे. जालावरील नकाशांत रूढ असलेल्या मर्केटर प्रक्षेपणात पुणे शहर आरंभबिंदूच्या पूर्वेस सुमारे ८२ लाख व उत्तरेस सुमारे २१ लाख मीटर येते. हे आकडे म्हणजे अक्षांश-रेखांश नव्हेत. ते नकाशाच्या प्रक्षेपणातून भौगोलिक निर्देशपद्धतीत रूपांतरित केल्यावरच १८.५२ उत्तर व ७३.८६ पूर्व ही पुण्याची स्थिती हाती येते.

दुसरा प्रमाद क्रमाचा होय. आपण प्रथम अक्षांश सांगतो. प्रणाली मात्र प्रथम पूर्व-पश्चिम अंतर, म्हणजे रेखांश, देते. हा क्रम उलटल्यास पुण्याची नोंद नॉर्वेच्या उत्तरेस समुद्रात जाऊन पडते. एवढी ढळढळीत चूक तत्काळ ध्यानी येते. परंतु शेजारच्या गावावर पडलेला क्लिक कोणाच्याही लक्षात येत नाही, आणि शब्दभेदाची सीमारेषा मात्र सरकते. यास्तव आज्ञावलीने आकड्यांसमवेत त्या स्थळाचे ग्रामनाम व तालुकाही दाखवावा, हे इष्ट.

शेवटी सूक्ष्मतेविषयी. अंशाचे पाचवे दशांशस्थळ सुमारे एक मीटर अंतर दर्शविते, तिसरे सुमारे एकशे दहा मीटर. बोलीची नोंद संपूर्ण गावाची असते. तीस तीन स्थळे पुरेशी आहेत. त्याहून अधिक आकडे लिहिल्याने नकाशा अचूक भासतो, पण त्यामागील ज्ञान तेवढेच राहते.