काकू, खाडा धरा

पहाटे 5.00
परभणीत वसमत रोडला, कृषी विद्यापीठाच्या आसपासच्या गल्ल्यांत चार घरं ओलांडली की एक मेस लागते. पाटीवर ‘घरगुती भोजनालय’, बोलताना मेस, आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून खानावळ. त्यातल्या एका घरातला हा दिवस. पुढच्या खोलीत पोरं जेवतात, मागं स्वयंपाक होतो, घरचे वर राहतात. काकू सगळ्यांत आधी उठतात. नळाला पाणी यायचा दिवस असेल तर त्याहूनही आधी, कारण शहरात पाणी रोज येत नाही आणि टँकर बोलावला की त्या दिवसाची कमाई त्यातच जाते.

6.30
काका मंडईत जातात. काय आणायचं हे घरातून ठरवून निघण्यात अर्थ नसतो. लिलावात जे उतरलेलं असेल तीच आजची भाजी. वांगी स्वस्त म्हणजे वांगी. पोरांना वाटतं काकूंना वांग्याचं वेड आहे.

8.00
वरणाची तूर शिजते. येसर, म्हणजे धान्यं भाजून दळलेलं मसाल्याचं पीठ, आणि काळा मसाला वर्षाचा करून ठेवलेला असतो, शेंगदाण्याचं कूट तयार असतं, त्यामुळे फोडणीला फार वेळ लागत नाही. नाश्ता ही मेस देत नाही. पोरं टपरीवर पोहे नाहीतर मुरमुऱ्यांचा सुशीला खातात.

9.00 ते 11.30
हा वेळ भाकरीचा. दिवसाचं खरं गणित इथंच अडतं.

पोळ्यांना मदतीला मावशी येतात. कणीक एकदम मळून ठेवता येते, एकीनं लाटायच्या, दुसरीनं भाजायच्या. भाकरीला ही सोय नाही. पीठ दर वेळी तेवढंच घ्यायचं, काथवटीत तळहातानं रगडायचं, थापायचं, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली असेल तर आधणाचं पाणी घालून मळावं लागतं, नाहीतर थापतानाच कडा फाटतात. किलोभर पिठाच्या साधारण दहा भाकरी, आणि दोन तवे ठेवले तरी हात बसलेल्या बाईच्या तासाला चाळीसएक. म्हणून फळ्यावर लिहिलेलं असतं: तीन पोळ्या किंवा दोन भाकरी. त्या ‘किंवा’वरून रोज वाद होतो.

आणि हे ज्वारीच्या गावात! इथल्याच कृषी विद्यापीठानं ‘परभणी मोती’ हे रब्बी ज्वारीचं वाण दिलं. 2018 साली इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक-संशोधन संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ दिलं, ज्यात लोह आणि जस्त जास्त आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, फलक लागले, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. शिवारात मात्र सोयाबीन आणि कापूस. सोयाबीनला लगेच पैसा मिळतो, ज्वारी काढायला मजूर मिळत नाहीत, कडब्यासाठी पेरावी तर दारात पूर्वीसारखी जनावरं नाहीत. गरिबाचं म्हणून हिणवलेलं धान्य आता पुष्कळदा गव्हापेक्षा महाग पडतं. काकू शेतकऱ्याला दोष देत नाहीत. त्यांच्या माहेरीही सोयाबीनच आहे.

12.00 ते 2.30
कॉलेजची पोरं, अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेवाली, एखादा औषध कंपनीचा माणूस. जिंतूर, सेलू, पालमकडच्या पोरांपैकी काहींना पहिल्या वर्षी गावाहून एसटीनं डबा यायचा. बस चुकली की उपास. तीच नंतर मेस लावतात.

फोनवर निरोप येत राहतात: “काकू, खाडा धरा.” आधी सांगून जेवण चुकवलं तर महिन्याच्या हिशेबातून तेवढं वजा. सांगितलं नाही तर खाडा नाही, हा नियम. पण एक जण तापानं पडला होता, त्याला काकूंनी खाडाही धरला आणि वर मऊ भातही पाठवला. काका चिडले. “धर्मशाळा उघडायलीस का?”

3.00
घरचे जेवतात. भाजी संपलेली असली तर ठेचा आणि दही.

4.00
वही. सामान, भाडं, मावशींची मजुरी, 19 किलोचं निळं सिलिंडर, सगळं खर्चात लिहिलेलं. काकूंची मजुरी कुठंच नाही. ती धरली तर ही मेस तोट्यात जाईल, आणि माझ्या मते अशा बहुतेक मेस तोट्यातच आहेत. घरच्या बाईच्या फुकट श्रमांवर त्या नफ्यात दिसतात इतकंच. मुंबईत गिरणगावच्या खानावळवाल्या बायकांची अडचण ओळखून कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गिरण्या गेल्या. खानावळ तशीच तालुक्याजिल्ह्याला आली, संघटना मागंच राहिली.

6.00
पुन्हा भाकरी.

घरातून अन्न विकणारे दुसरीकडेही आहेत, पण त्यांना थांबता येतं. व्हिएतनाममध्ये, हानोईत, फो हा एकच पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या विकणारी घरं आहेत. हाडांचा रस्सा तासन्‌तास शिजत ठेवायचा, रस्त्याकडेला ठेंगण्या स्टुलांवर गिऱ्हाईक बसवायचं, पातेलं रिकामं झालं की आवरायचं. काकूंना मात्र ‘संपलं’ म्हणता येत नाही. पोरानं महिन्याचे पैसे भरलेले असतात. रात्री पावणेदहाला अभ्यासिकेतून कुणी आलं तरी ताट द्यावंच लागतं. मेसवाली बाई आजारी पडत नाही ती याच कारणानं, प्रकृती चांगली असते म्हणून नव्हे.

8.00 ते 10.00
दुपारपेक्षा गर्दी जास्त, घाई कमी. पिठलं असलं की भाकरीवरून वाद ठरलेला. “काकू, एकच!” “दोनच लिहिलंय की रे फळ्यावर.” तिसरी पडतेच ताटात. रविवारी दुपारी गोडाधोडाची फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद. आठवड्यात तेवढी एकच संध्याकाळ काकूंची. ती बहुतेक दळणात आणि निवडण्यात जाते.

10.30
ओटा धुऊन झाला. डाळ सकाळी शिजवायची म्हणून आत्ताच निवडून ठेवली. तेवढ्यात फोन वाजतो. उद्या गावाकडून दोन मित्र येणार आहेत, चालेल का? काकूंचा आवाज एकदम मोकळा होतो. गेस्टचं ताट म्हणजे महिन्याच्या हिशेबाबाहेरची कमाई.

“आण की. भाकरी करते. पण गेस्टचे पैसे रोख, आधीच सांगायले.”