खिडकीवरचा डोस

आमच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या खिडकीशी सकाळीच रांग लागते. रिक्षावाले, हमाल, एखादा कॉलेजचा मुलगा. कार्ड पाहून मी मेथाडोन, म्हणजे गर्दच्या (हेरॉइनच्या) व्यसनावरचं औषध, मोजून कपात ओतते, पाणी घालते. ते माझ्यासमोर प्यायचं आणि गिळल्यावर माझ्याशी बोलायचं. तोंडात धरून बाहेर नेऊन विकलं जाऊ नये म्हणून.

“सिस्टर, एक नशा सोडवून दुसरी लावता का?” घरचे विचारतात. नाही. गर्दचा अंमल काही तासांत उतरतो, की टर्की सुरू: अंगदुखी, उलट्या, जुलाब, पुढच्या पुडीसाठी धावाधाव. मेथाडोन दिवसभर टिकतं. डोस नीट बसला की झिंग येत नाही, तलफ शमते, माणूस कामावर जातो. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर यांनी १९६०च्या दशकात हे दाखवून दिलं. २००५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. नशेची सुई सुटली की एचआयव्हीचा धोकाही घटतो.

सुरुवातीचे दिवस मात्र फार जपायचे. डोस हळूहळूच वाढवतात. जास्त झाला किंवा वर दारू घेतली, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

घरच्यांना हात जोडून सांगते, ‘औषध कधी बंद करणार?’ म्हणून मागे लागू नका. घाईने बंद केलं, तर बरेचजण पुन्हा गर्दकडे वळतात.