ताम्रधातूच्या स्फटिकप्रतलांची ओळख

ताम्रपट किंवा जुनें नाणें हातीं आलें म्हणजे त्याचा धातु कोणता, हा प्रश्न संशोधकापुढें उभा राहतो. खरवडून परीक्षा करावी तर अक्षरें नष्ट होण्याचें भय. क्ष-किरणांच्या विवर्तनानें हें भय टळतें. मात्र आलेखावर उमटणारीं शिखरें वाचतां आलीं पाहिजेत. तें वाचन कसें करावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

धातूंतील अणु ठराविक अंतरांच्या थरांत रचलेले असतात. या थरांस प्रतलें म्हणतात. स्फटिकांत क्ष-किरणांचें विवर्तन होतें हें लौए, फ्रीड्रिख व क्निपिंग यांनीं १९१२ सालीं म्युनिक येथें दाखविलें. त्याच वर्षीं विल्यम लॉरेन्स ब्रॅग यांनीं नियम बसविला, तो असा: दोन प्रतलांमधील अंतराच्या दुपटीस कोनाच्या भुजज्येनें गुणिलें असतां तरंगलांबीची पूर्ण पट आली, तरच शिखर उमटतें. प्रत्येक प्रतलसमूहास तीन अंकांनीं ओळखण्याची पद्धति मिलर यांची, १८३९ सालची. घनाकृति स्फटिकांत भुजज्येचा वर्ग या तीन अंकांच्या वर्गांच्या बेरजेच्या प्रमाणांत असतो.

आतां उदाहरण घेऊं. १.५४०६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या किरणांनीं तांब्याचीं शिखरें ४३.३, ५०.४, ७४.१ व ८९.९ अंशांवर येतात. आलेखावर कोन दुप्पट मांडलेला असतो; तो निम्मा करून भुजज्येचा वर्ग काढावा. ०.१३६, ०.१८१, ०.३६३ व ०.४९९ हे अंक मिळतात. त्यांचें परस्पर प्रमाण ३ : ४ : ८ : ११. तेव्हां प्रतलें अनुक्रमें (१११), (२००), (२२०) व (३११) हीं ठरलीं. श्लोक जलद म्हटला किंवा सावकाश म्हटला तरी वृत्त बदलत नाहीं. त्याप्रमाणें तरंगलांबी बदलल्यास कोन बदलतात, प्रमाण मात्र तेंच राहतें.

१ व २ हे अंक येथें कां नाहींत? भाट्ट मीमांसक अनुपलब्धीस प्रमाण मानतात. येथेंहि अभावच बोलतो. तांब्याचे अणु घनाच्या कोपऱ्यांवर व प्रत्येक पृष्ठाच्या मध्यभागीं असल्यामुळें (१००) व (११०) या प्रतलांच्या मधोमध आणखी एक थर येतो, आणि त्याचे तरंग पहिल्यांचा लोप करितात. म्हणून तिन्ही अंक विषम किंवा तिन्ही सम असतील तींच शिखरें दिसतात.

परंतु एवढ्यावरून तांबें सिद्ध होत नाहीं. सोनें व रुपें यांचीहि रचना अशीच आहे. यास्तव घनाची बाजू काढावी: तांब्याची ३.६२, रुप्याची ४.०९, सोन्याची ४.०८ अँगस्ट्रॉम. शेवटच्या दोहोंचा निवाडा केवळ शिखरांवरून करणें धोक्याचें. तसेंच, पत्रा ठोकून केलेला असल्यास शिखरांची उंची बदलते. म्हणून उंचीपेक्षां स्थानावर भिस्त ठेवावी. तांबूस गंजाचें, म्हणजे क्युप्राइटचें, मुख्य शिखर ३६.४ अंशांवर येतें. तें धातूचें समजूं नये.

हीं शिखरें धातु सांगतात, काल सांगत नाहींत. काल घडविलेल्या बनावट ताम्रपटाचें तांबेंहि हींच शिखरें देईल. लेखाचा खरेखोटेपणा लिपि, भाषा व कालगणना यांच्याच कसोटीवर ठरावयाचा.