पुढचा अंक मागचा अंक बदलतो

नागपुरात कॉमिक्स वाचत वाढलेल्या माणसाला एक गोष्ट समजावून सांगावी लागत नाही: गोष्ट सुरुवातीपासून वाचायला मिळेलच असं नाही. बर्डीवरच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिसरा भाग हाती लागतो, दुसरा भाग मामेभावाकडे असतो आणि पहिला भाग भाड्यानं कॉमिक्स देणाऱ्या टपरीतून कुणीतरी नेलेला असतो. मग आधी नायकाचा मृत्यू वाचायचा, नंतर त्याचा शत्रू कोण होता ते, आणि सगळ्यात शेवटी भांडण कशावरून पेटलं ते. भाग नेहमीच असे उलटसुलट मिळत असतील तर वाचणाऱ्याचे प्रश्नही वेगळे होतात. ‘पुढं काय होईल’ हे त्याला ठाऊक असतं. त्याला हवं असतं ‘हे असं झालंच कसं’.

या शहरात हिंदी कॉमिक्स इतकी रुजली यात नवल नाही. 1956 पर्यंत नागपूर ही मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होती. दिल्ली-चेन्नई आणि हावडा-मुंबई हे दोन लोहमार्ग इथंच एकमेकांना छेदतात. घरी मराठी आणि गल्लीत हिंदी बोलणारी पोरं दिल्लीच्या राज कॉमिक्सचे नागराज, सुपर कमांडो ध्रुव आणि डोगा आपलेच समजून वाचत आली. ते परके नव्हतेच म्हणा. 1986 मध्ये आलेल्या पहिल्या ‘नागराज’ची चित्रं प्रताप मुळीकांची, म्हणजे अमर चित्र कथेतून मराठी घराघरांत पोचलेल्या पुण्याच्या चित्रकाराची. प्राचीन काळातला योद्धा भोकाल कदम स्टुडिओतून आला आणि त्यातले दिलीप कदम हेही अमर चित्र कथेतलं ओळखीचं मराठी नाव.

त्या पहिल्या नागराजची जन्मकथा आठवा. प्रोफेसर नागमणी त्याला घडवतो ते दहशतवाद्यांना विकायचं हत्यार म्हणून. बाबा गोरखनाथ त्याच्या डोक्यातली कुपी काढून टाकतात आणि नागराज स्वतंत्र होतो. वाचकांनी हे वाचलं, पाठ केलं, शाळेच्या मधल्या सुट्टीत एकमेकांना सांगितलं. काही वर्षांनी नव्या अंकांतून वेगळंच उलगडलं. नागराज प्रयोगशाळेत घडलेला नव्हताच, तो तक्षकराज आणि ललिता या राजदांपत्याचा मुलगा होता, आणि नागमणीनं सांगितलं ते खरं नव्हतं.

मला यातली थक्क करणारी गोष्ट ही वाटते की 1986 च्या अंकातलं एक अक्षरही बदललेलं नाही. कागद तोच, चित्रं तीच, फुग्यांतले संवाद तेच. तरी तो अंक आता पुन्हा उघडला की नागमणीच्या तोंडचं प्रत्येक वाक्य थापेबाज माणसाचं वाक्य म्हणून वाचलं जातं. कित्येक वर्षं मागे असलेल्या एका छापील वस्तूचा अर्थ नव्या अंकानं जाऊन बदलला. काळप्रवासाच्या कथेत नायक यंत्रात बसून भूतकाळ बदलतो. चालू मालिका ते काम यंत्राशिवाय करते, आणि त्या बदललेल्या भूतकाळात राहायला लागतं वाचकाला.

म्हणूनच अशा मालिकेच्या चाहत्यांची प्रतिक्रिया नुसतं ‘आवडलं’ किंवा ‘नाही आवडलं’ एवढ्यावर थांबत नाही. ती चौकशी असते. “काहून बे, तो तर मेला होता ना?” या एका प्रश्नात तीन गोष्टी असतात: मागचं आठवतं, नवं त्याच्याशी जुळत नाही, आणि जुळवण्याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला हवी. बहुतेक वेळा ती वाचकच घेतो. तो म्हणतो, मेलेला दुसऱ्या आयामातला होता. किंवा, हे सगळं त्या प्रसंगाच्या आधी घडतंय. राज कॉमिक्सचे संजय गुप्ता ‘ग्रीन पेज’ या सदरातून वाचकांशी बोलत असत. आपलं बोलणं तिकडे पोचतं ही जाणीव वाचकाला लेखकाच्या टेबलाजवळ नेऊन बसवते.

हे टेबल किती जवळ असू शकतं ते पाहायचं तर अमेरिकेतल्या एका जुन्या मालिकेकडे जायला हवं. 1958 च्या एप्रिलमध्ये ‘ॲडव्हेंचर कॉमिक्स’च्या 247 व्या अंकात एक छोटी कथा आली. शाळकरी सुपरबॉयला तीन अनोळखी मुलं भेटतात. त्यांना त्याचं गुपित माहीत असतं, कारण ती एक हजार वर्षांनंतरच्या काळातून आलेली असतात. तिथं सुपरबॉय ही दंतकथा आहे आणि त्याच्यापासून स्फूर्ती घेऊन तरुण वीरांनी एक मंडळ काढलं आहे: लीजन ऑफ सुपर-हीरोज. ऑटो बाइंडर यांनी लिहिलेली ही कथा एकदाच यायची होती. पण त्या तीन मुलांबद्दल विचारणारी पत्रं येत राहिली, म्हणून ती मुलं परत आली, पुन्हा परत आली, आणि 1962 मध्ये 300 व्या अंकापासून त्यांना कायमचं सदर मिळालं. पुढं तर मंडळाचा प्रमुख कोण व्हावा यासाठी वाचकांकडून मतं मागवली जाऊ लागली. तिसाव्या शतकातली निवडणूक, मतदार विसाव्या शतकातले!

त्या वाचकांत पिट्सबर्गचा एक मुलगा होता, जिम शूटर. घरात पैशांची चणचण होती. कॉमिक्स कशी लिहितात याचा त्यानं मुलाच्या मानानं चकित करणारा अभ्यास केला, लीजनच्या कथा चित्रांच्या आराखड्यासह रचल्या आणि थेट संपादक मॉर्ट वाइझिंगर यांना पाठवून दिल्या. 1966 मध्ये 346 व्या अंकात त्याची कथा छापून आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. नववीतलं पोर! मंडळाच्या भविष्याचा पुढचा बराच काळ त्यानंच लिहिला आणि मोठेपणी तो मार्व्हलचा मुख्य संपादक झाला. चाहत्याची प्रतिक्रिया हीच मालिकेचा पुढचा अंक ठरल्याचं याहून लख्ख उदाहरण मला माहीत नाही.

आता त्या चौकशीच्या गाभ्याकडे येऊ. मी भूतकाळात जाऊन आजोबांचं लग्नच होऊ दिलं नाही, तर मी जन्मणार नाही. जन्मलो नाही तर लग्न मोडायला गेलं कोण? या कोड्यातून सुटायला मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिली अशी की भूतकाळ बदलताच येत नाही. तुम्ही गेलात तरी जे घडलं तेच घडवून याल, कदाचित तुमच्या लुडबुडीमुळंच ते लग्न जुळेल. रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगॉर नोविकोव्ह यांनी या वाटेला गणिताची शिस्त दिली. दुसरी वाट म्हणजे इतिहासाला फाटा फुटतो. एका फांदीवर लग्न झालं, दुसऱ्या फांदीवर नाही, आणि दोन्ही फांद्या जिवंत आहेत. ह्यू एव्हरेट यांनी 1957 मध्ये पुंजभौतिकीचा जो अनेक विश्वांचा अर्थ मांडला, त्यातून या कल्पनेला बळ मिळालं. कॉमिक्स वाचणारा मुलगा ‘तो दुसऱ्या आयामातला होता’ म्हणतो तेव्हा एव्हरेटचं नाव त्यानं ऐकलेलंही नसतं, पण वाट त्याच दिशेची असते.

मराठी वाचकाला ही दुसरी वाट जयंत नारळीकरांनी दाखवली. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पुण्याचे एक इतिहासतज्ज्ञ अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात जिथं पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. फरक काय, तर विश्वासरावांना लागलेली गोळी तिथं चाटून गेली. एका गोळीची दिशा किंचित बदलली आणि पुढचा अख्खा इतिहास वेगळा झाला. काळप्रवासाच्या मालिकांचे वाचक प्रत्येक अंकात नेमकी हीच गोळी शोधत असतात: फांदी कुठं फुटली?

पण नारळीकरांचं या विषयाशी नातं कथालेखनापेक्षा जुनं होतं, आणि ते कळलं तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो. विद्युतभार हलवला की त्यातून लहरी निघतात, हे आपण शाळेत शिकतो. ज्या समीकरणांतून हे कळतं ती समीकरणं मात्र दोन उत्तरं देतात. एकात लहर भविष्याकडे जाते, दुसऱ्यात भूतकाळाकडे. दुसरं उत्तर निरर्थक म्हणून सोडून द्यायची रीत आहे. जॉन व्हीलर आणि रिचर्ड फाइनमन यांनी 1940 च्या दशकात ते सोडलं नाही. त्यांनी असं मांडलं की लहर अर्धी पुढं जाते आणि अर्धी मागं. पुढं गेलेली लहर विश्वातला पदार्थ शोषून घेतो, आणि त्या शोषणाचं उत्तर काळात मागं येत येत नेमकं लहर निघाली त्याच क्षणी येऊन पोचतं. या उत्तरानं मागं जाणारा अर्धा भाग पुसला जातो आणि पुढं जाणारा पूर्ण होतो. दिवा लागतो आणि उजेड नंतर पसरतो, आधी नाही, या साध्या अनुभवामागं साऱ्या भविष्याची संमती आहे असा याचा अर्थ!

केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्यासोबत तरुण नारळीकरांनी हाच विचार प्रसरण पावणाऱ्या विश्वाला लावून पाहिला. भविष्याकडून येणारं ते उत्तर पुरेसं यायचं तर पुढं सगळं शोषून घेण्याइतका पदार्थ हवा. त्यांच्या गणितानुसार, प्रसरण पावूनही विरळ न होणाऱ्या ‘स्थिर स्थिती’च्या विश्वात तो पुरतो, कायम विरळ होत जाणाऱ्या महास्फोटाच्या विश्वात पुरत नाही. 1963 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात काळाच्या स्वरूपावर एक बैठक झाली. तिथं पंचविशीही न गाठलेले नारळीकर होते, रॉजर पेनरोझ होते, व्हीलर होते. छापील वृत्तान्तात एक वक्ता नुसता ‘मिस्टर एक्स’ म्हणून येतो. ते फाइनमन होते असं सर्वत्र मानलं जातं. दोनच वर्षांनी विश्वाच्या जन्मवेळची सूक्ष्मलहरी प्रारणं सापडल्याचं जाहीर झालं आणि स्थिर स्थितीचं विश्व मागं पडलं. काळाचा बाण एकाच दिशेला का, हा प्रश्न मात्र तेव्हा होता तितकाच आजही उघडा आहे.

भविष्याच्या उत्तराशिवाय वर्तमान पक्कं होत नाही. हे वाचून चालू मालिकेचा कुणीही चाहता मान डोलावेल. त्याच्या हातातल्या अंकाचा अर्थ अजून न छापलेल्या अंकांकडून येणाऱ्या उत्तरावर अडलेला असतो.

ते उत्तर विपरीत आलं तर काय होतं, हे लीजनच्या वाचकांनी भोगलं आहे. 1986 मध्ये सुपरमॅनची कहाणी नव्यानं मांडली गेली आणि तो लहानपणी कधी सुपरबॉय नव्हताच असं ठरलं. एका निर्णयानं हजार वर्षांनंतरच्या मंडळाचा पायाच काढून घेतला, कारण ज्याच्यापासून स्फूर्ती घेतली तो मुलगाच अस्तित्वात नव्हता. मग 1987 मध्ये उत्तर शोधलं गेलं. टाइम ट्रॅपर नावाच्या खलनायकानं एक छोटं बंदिस्त विश्व रचलं होतं आणि मंडळाला इतकी वर्षं भेटत आलेला सुपरबॉय त्या विश्वातला होता. लीजनच्या 38 व्या अंकात तो मेला. तर्क जुळला, पण वाचकाच्या मनात एक गोष्ट अडली: तीस वर्षांची मैत्री तर खरी होती ना? मला तो वाचक शंभर टक्के बरोबर वाटतो. अशा वेळचा चाहत्याचा राग हा हट्ट नसतो. ज्या दुपारी त्यानं ते अंक वाचले त्या दुपारी त्याच्या आयुष्यातल्या आहेत, आणि त्यांचा अर्थ परस्पर बदलला जातो आहे.

सध्या हे सगळं आपल्याकडे ‘सर्वनायक’ मालिकेत चालू आहे. गेल्या दशकात सुरू झालेल्या, नितीन मिश्रा यांनी लिहिलेल्या या महाकथेत भोकाल, अश्वराज, योद्धा असे प्राचीन काळातले वीर आणि नागराज, ध्रुव, डोगा असे आजचे वीर समोरासमोर आणले आहेत. पूर्वी यातले बहुतेक जण आपापल्या मालिकेत, आपापल्या काळात, कुणाला न विचारता सुखानं जगत होते. आता सगळ्यांची घड्याळं एकमेकांशी जुळवायची आहेत. अंकांमधलं अंतर कधी महिन्यांचं असतं, कधी त्याहून मोठं. मधल्या काळात प्रकाशन संस्थेच्याही वेगवेगळ्या शाखा झाल्या. ज्यांनी पहिला भाग कॉलेजात वाचला ते आता नोकरीधंद्याला लागले आहेत.

आणि त्यांनी वाट पाहताना काय केलं? वह्या काढल्या. भोकालचं विकासनगर नागराजच्या जन्माच्या आधी किती, योद्धा त्याच्याही आधी की नंतर, कुठल्या जुन्या अंकातली कुठली चौकट कुणाशी भांडते, याचे तक्ते केले. ज्या विसंगती लेखकांनी तीस वर्षांत नकळत सोडल्या होत्या, त्या वाचकांनी एकेक करून शोधल्या आणि प्रत्येकीला निदान दोन उत्तरं तयार ठेवली. नवा भाग आला की पहिलं काम तो वाचण्याचं, दुसरं तक्त्यातली कोणती ओळ खोडायची ते ठरवण्याचं. मग जुने अंक पुन्हा काढायचे, कारण नव्या भागानं त्यातल्या एखाद्या चौकटीचा अर्थ बदललेला असतो आणि ती चौकट नेमकी कोणती हे अजून कुणी सांगितलेलं नसतं.