नवगावचा रस्ता ताईला पाठ होता



आपल्यातले पुष्कळ जण दोन-तीन वर्षांनी एकदा तरी भारतात जाऊन येतात. ठाण्याला नातेवाईक, एखादं लग्न, दादरला साड्यांची खरेदी, मसाला कुटून घ्यायचा आणि परत. "नवगावला गेला होतात का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "या खेपेला नाही जमलं." मी स्वतः चार खेपा असंच म्हटलं. पाचव्या खेपेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये गेले, ते माझ्या मोठ्या ताईमुळे.

ताई ८४ वर्षांची. १९६९ साली अलिया करून दिमोनाला आली ती तिथेच राहिली. हल्ली तिचं विसरणं फार वाढलंय. सकाळची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, एका नातवाचं नाव दुसऱ्याला लावते. तिच्या मुलीने मला फोनवर सांगितलं, "मावशी, आईला कुठे न्यायचं असेल तर आत्ताच ने." ताईला विचारलं तर क्षणभरही न थांबता म्हणाली, "नवगावला. आईबरोबर गेले होते ना, लाँचने."

ती लहान असताना मुंबईची माणसं भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला उतरायची आणि पुढे बैलगाडी नाहीतर एसटी. आम्ही मात्र ठाण्याहून मोटारीने निघालो. गाडी चालवायला भाचा, त्याच्या शेजारी मोबाईल घेऊन माझा अकरा वर्षांचा नातू, मागे आम्ही दोघी म्हाताऱ्या आणि डब्यात भाकऱ्या.

आधी खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या रथाची जागा बघायची, मग नवगाव, असं ठरलं होतं. नातवाने मोबाईलमध्ये "खंडाळा" घातलं. मोबाईलमधली बाई हिब्रूतून "यामिना, स्मोला" सांगत होती आणि तो मोठ्या ऐटीत ते भाच्याला मराठीतून सांगत होता. आम्ही गप्पांत. कळंबोली गेलं, रुंद गुळगुळीत रस्ता लागला. भाचाही खूश, गाडी पळतेय. अर्ध्या तासाने ताई एकदम म्हणाली, "अंगठा कुठे गेला?"

मला वाटलं, झालं, सुरू झालं हिचं. पण ती पुन्हा म्हणाली, "कर्नाळ्याचा अंगठा. पेणला जाताना तो दिसतो. अजून कसा दिसला नाही?"

भाच्याने पाटी वाचली आणि कपाळावर हात मारला. आम्ही पुण्याच्या एक्सप्रेसवेवर होतो आणि मोबाईल आम्हाला घाटातल्या खंडाळ्याला, लोणावळ्याच्या शेजारी, घेऊन चालला होता. दोष त्या यंत्राचा नाही, आमचा. आपलं गाव अलिबाग तालुक्यातलं, त्याला तिथली माणसं खंडाळे म्हणतात. आपण सगळे बोलताना खंडाळा म्हणतो, म्हणून ही फजिती. शेवटी खालापूरला उतरलो आणि खोपोलीवरून पेणचा रस्ता धरला. नातू हिरमुसला. ताई त्याला म्हणाली, "रडू नको रे. आपले लोक जायला निघाले होते एकीकडे आणि पोचले दुसरीकडेच." या एका वाक्यावर गाडीतले सगळे हसले, तीसुद्धा.

मुलांनो, हे वाक्य तुम्हाला कळलं नसेल तर सांगते. आपल्या वाडवडिलांची गोष्ट अशी की फार फार वर्षांपूर्वी त्यांचं गलबत नवगावजवळ खडकांवर आपटून फुटलं. जवळच चौलचं जुनं मोठं बंदर होतं, तिकडे परदेशची गलबतं येत. त्या फुटलेल्या गलबतातून सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. पुस्तकं बुडाली, सामान बुडालं. त्यांची पुढची पिढी गावागावांत पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हे कधी घडलं यावर विद्वानांचं एकमत नाही. कोणी दोन हजार वर्षं म्हणतं, कोणी कमी. हाइम शमुवेल किहीमकर यांनी आपला इतिहास १८९७ साली लिहून काढला, तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवमध्ये. त्यात ही गोष्ट आहे.

पेण गेलं, वडखळला चहा झाला, धरमतरची खाडी ओलांडली. आता रस्ता लहान. दोन्ही बाजूंना शेतं, मिठाचा वास. आणि खरी मजा पुढे. गाडीतून पाट्या वाचत जा. पेण, रोहा, चौल, झिराड, किहीम. नातू मोठ्याने वाचत होता आणि ताई प्रत्येक नावाला एक माणूस जोडत होती. पेणकर आपल्या खालच्या मजल्यावर. रोहेकर कापडगिरणीत माझ्याबरोबर. झिराडकर, तिच्या हातचा मलिदा काय असायचा! दिमोनाच्या शाळेची हजेरी चालली आहे असं वाटावं. मोबाईलने तोवर मान टाकली होती, कारण नातवाने रागाने तो बंद करून खिशात घातला होता.

खंडाळ्याच्या बाजूला रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या. एका बाईला विचारलं, "रथाची जागा कुठे?" तिने मुळीच आश्चर्य केलं नाही. "इस्राएल लोकांची ना? सागावला जावा, तिथं कोनी बी सांगंल." सागावला खडकावर घोड्याच्या टापांच्या आणि चाकांच्या खुणा आहेत. आपली श्रद्धा अशी की एलियाहू हन्नाबीचा रथ इथून स्वर्गात गेला. इथे आपले लोक नवस बोलतात, फेडतात. तू बिश्वातला इथे उरूस होतो. आम्ही पोचलो तेव्हा तो दोन आठवड्यांपूर्वीच होऊन गेला होता, जागेवर शुकशुकाट. पोहे, गूळ, खोबरं आणि फळं आम्ही ठाण्याहून नेली होती. तिथेच बसून मलिदा कालवला. ताईने हात न लावता, नुसतं बघून सांगितलं, "गूळ कमी आहे." खरोखरच कमी होता.

अलिबागला इस्राएल आळीत मागेन आबोथ सिनेगॉगपुढे गाडी थांबवली. १८४८ सालचं, पुढे १९१० मध्ये नव्याने बांधलेलं. तिथे फार वेळ काढला नाही, कारण ताई थकायच्या आत समुद्र गाठायचा होता.

नवगाव हे थळ आणि किहीम यांच्या मध्ये. मोठा रस्ता सोडला की वाट अरुंद होत जाते. नारळ-पोफळीच्या वाड्या, गडग्याच्या भिंती, समोरून दुसरी गाडी आली की एकाने मागे जायचं. भाचा घामाघूम. तीनदा रस्ता विचारला. पहिला माणूस कामानिमित्त बाहेरून आलेला, त्याला काही ठाऊक नव्हतं. दुसऱ्या मुलाने "ज्यू लोगों का?" म्हणून भलतीकडेच हात दाखवला. तिसऱ्या वेळी ताईने काच खाली केली आणि ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याला हाक मारली, "बाबा, आमची इस्राएल लोकांची माती कुठंशी?" तो उठून गाडीपुढे चालत आला आणि फाटकापर्यंत पोचवून गेला. पाणी देऊ का, असंही विचारलं.

आत उंच स्मारक आहे, त्यावर मागेन दाविद. जुन्या कबरींवर नावं नाहीत. समुद्राने किनाऱ्याला आणून टाकलेल्या लोकांना वाचलेल्यांनी इथे पुरलं, पुरुषांना एकीकडे आणि बायांना एकीकडे, असं आपल्यात सांगत आले आहेत.

नातू बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "सावता, आपण त्या वाचलेल्या सात जणांचे ना?"

"हो."

"मग हे आपले आजोबा-पणजोबा नाहीत. हे त्यांच्याबरोबरचे लोक."

मी आजवर असा विचारच केला नव्हता. आपण सगळे "पूर्वजांच्या कबरी" म्हणतो. पण खरं आहे, इथे जे झोपलेत त्यांचा वंश इथेच थांबला. त्यांच्या नावाने यायला त्यांचं स्वतःचं कोणी नाही.

कादिश म्हणायला दहा पुरुष हवेत. आमच्यात मोठा पुरुष एक, भाचा. म्हणून आपल्या लोकांना सगळं विसरल्यावरही जे आठवत राहिलं असं म्हणतात, ते म्हटलं, शमा इस्राएल. नातवाने सुरुवात केली. ताईने डोळ्यांवर हात ठेवला आणि एक शब्दही न चुकता पुरं केलं. सगळ्यांनी एकेक खडा ठेवला. नातवाने दोन ठेवले, एक इकडे, एक तिकडे.

समुद्रावर गेलो तेव्हा ओहोटी होती आणि काळे खडक उघडे पडले होते. समोर खांदेरी-उंदेरी. खांदेरीचा दीपस्तंभ इथूनच दिसतो. तो किल्ला शिवाजी महाराजांनी १६७९ साली बांधायला घेतला, आणि २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत तो इतर मराठा किल्ल्यांबरोबर आला. ताई चपला काढून ओल्या वाळूवर उभी राहिली. मला म्हणाली, "आईला सांग मी आलेय." आई जाऊन तीस वर्षं झाली. मी म्हटलं, "सांगते."

परत येताना मांडव्याहून रो-रो बोटीत गाडी चढवली. ही सोय २०२० पासून झाली आहे, साधारण तासाभरात भाऊच्या धक्क्याला. ताई सगळा वेळ कठड्याशी उभी, बसायला तयार नाही. धक्क्याला मासळीचा वास आला तशी म्हणाली, "पोचलो गं घरी."

जाणाऱ्यांसाठी थोडं. पावसाळ्यात जाऊ नका, वाटा चिखलाच्या आणि गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँचीही तेव्हा बंद असतात. दिवाळीपासून मार्चपर्यंत बरं. मुंबईहून निघणार असाल तर जानेवारी २०२४ पासून शिवडीहून अटल सेतू खुला आहे, जवळजवळ २२ किलोमीटरचा, म्हणजे पनवेलच्या गर्दीचा वळसा वाचतो. कबरस्तानात सावलीला बसायला खुर्ची सोबत न्या, गुडघे दुखणाऱ्यांना काठी हवीच. घरात कोणी मराठी बोलणारं वडीलधारं असेल तर त्यांना पुढच्या सीटवर बसवा, मोबाईल मागे. आणि मोबाईलमध्ये घालणारच असाल तर खंडाळे लिहा, खंडाळा नव्हे. त्या एका मात्रेपायी आमचे दोन तास गेले.