बैल, नांगर आणि येडा
बैल, नांगर, येडा. गावच्या पारावर ऐकू यावेत असे हे शब्द जर्मन तलवारबाजीतल्या पवित्र्यांची नावं आहेत. चौदाव्या शतकातल्या योहानेस लीश्टेनाउअर या वस्तादाने आपली विद्या पद्यात बांधली, तीही मुद्दाम कोड्यात. ऐऱ्यागैऱ्याच्या हाती ती पडू नये, हा हेतू. पंधराव्या शतकातल्या टीकाकारांनी अर्थ लिहून ठेवले नसते, तर आज कुणालाच काही कळलं नसतं.

हत्यार म्हणजे दोन्ही हातांनी धरायची सरळ, दुधारी तलवार. सिनेमात ती ओढत नेतात. खरी मात्र साधारण दीड किलोची. उजवा हात आडव्या दांडीजवळ, डावा मुठीच्या टोकाशी. डावा हात जरासा ढकलला की पातं केवढं तरी फिरतं. सगळी चपळाई त्या तरफेत आहे.

‘ऑक्स’, म्हणजे बैल: मूठ डोक्याशेजारी, टोक शत्रूच्या तोंडावर, शिंग रोखल्यासारखं. ‘फ्लुग’, म्हणजे नांगर: मूठ कमरेशी, टोक तिरकं वर. ‘फॉम टाग’मध्ये तलवार खांद्याशी किंवा डोक्यावर उचललेली. आणि ‘आल्बर’, म्हणजे येडा: हात खाली, टोक जमिनीकडे, छाताड उघडं. समोरच्याला वाटतं, आयतंच सावज मिळालं. मला चौघांत हाच सर्वांत बेरकी वाटतो.

पण पवित्रा घेऊन उभं राहणं ही या विद्येत चूकच मानायची. वार जिथून निघतो किंवा जिथे संपतो ती ही जागा; मुक्कामाची नव्हे. शिवाय प्रत्येकाला तोड ठरलेली. बैलाला ‘क्रुम्पहाउ’, हातांवर येणारा वाकडा वार. नांगराला ‘शीलहाउ’. डोक्यावर उचललेल्या तलवारीला ‘त्स्वेर्खहाउ’, आडवा फिरणारा. त्यात आपलीच मूठ वर राहून आपलं डोकं झाकते. येड्याला ‘शायटेलहाउ’: हात उंच ताणून टाळूवर. खालून येणाऱ्या पात्यापेक्षा वरून ताणलेलं पातं लांब पोचतं, एवढंच त्यामागचं गणित. पाचवा ‘त्सोर्नहाउ’, रागाचा वार. एका जुन्या हस्तलिखितात त्याला सरळ शेतकऱ्याचा फटका म्हटलंय. रागावलेला कुणीही तसाच मारतो. वस्तादाने फक्त त्याला वळण लावलं.

पाती एकमेकांना भिडली की डोळ्यांचं काम संपतं. समोरचा रेटतोय की सैल पडलाय, हे हातानेच चाचपायचं. त्याला हे वस्ताद ‘फ्यूलेन’ म्हणत. रेटला तर सोडून दुसरीकडून जायचं, सैल असेल तर तिथेच भोसकायचं.

पुढे याची कसरत झाली. 1487 मध्ये सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकने फ्रँकफर्टच्या मार्क्सब्रूडर या तलवारबाजांच्या संघाला सनद दिली. 1570 मध्ये स्ट्रासबुर्गच्या योआखिम मायरने जाडजूड ग्रंथ छापला, पवित्रे वाढवले. तोवर आखाड्यात भोसकणं जवळजवळ बंदच झालं होतं. मग विद्या विसरली गेली.

विसाव्या शतकाअखेर हौशी लोकांनी हस्तलिखितं समोर ठेवून ती पुन्हा उभी करायला घेतली. गुरू नाही, फक्त ओळी. ‘टाग’चा अर्थ दिवस की छप्पर, तलवार खांद्याशी धरायची की डोक्यावर, यावर अजून वाद रंगतो. खांदा की डोकं, याबाबत जुनी टीका दोन्ही बाजूंनी साक्ष देते. आणि वाद रंगेपर्यंत समोरच्याने वार केलेला असतो.