‘कुलवधू’: घरची सून नटी होते तेव्हा

नटी होऊन नाव कमावणाऱ्या बाईची गोष्ट संगीत नाटकात शोधायची तर मराठीत चटकन आठवते ते मो. ग. रांगणेकरांचे ‘कुलवधू’. रांगणेकरांच्या ‘नाट्यनिकेतन’ने ते १९४२ साली रंगभूमीवर आणले. लालबाग परिसरातल्या आपल्या काही घरांत यातली पदे अजून गुणगुणली जातात. नाटकाचा विषय मात्र नव्या पिढीला माहीत असतोच असे नाही.

भानुमती ही विवाहित स्त्री. ती सिनेमात काम करू लागते, तिचे नाव होते, पैसा येतो. बायकोच्या नावाने ओळखले जाणे नवऱ्याला सोसत नाही आणि संसारात तेढ पडते. इब्सेनच्या १८७९ सालच्या ‘अ डॉल्स हाऊस’ची छाया या नाटकावर आहे. फरक शेवटात आहे. नोरा नवरा आणि मुले सोडून एकटी बाहेर पडते. भानुमती नवऱ्याचे घर सोडते, पण जाते ती सासऱ्यांकडे. काहींना ही तडजोड वाटते. पण नाटकाच्या नावाचा अर्थ इथेच उलगडतो: नटी झाली म्हणून ती कुलवधू राहत नाही का?

हा प्रश्न त्या काळी नुसता कथेतला नव्हता. बालगंधर्वांच्या काळात स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करत. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या. त्यात ज्योत्स्नाबाई भोळे होत्या, आणि पुढे भानुमतीही त्यांनीच उभी केली. म्हणजे नटी झालेल्या गृहिणीची भूमिका एका गृहिणी-नटीनेच केली. प्रेक्षकांना तो वाद खरा वाटला, यात नवल नाही.

संगीत नाटकाचा बाजही इथे बदलला. रात्र-रात्र चालणाऱ्या जुन्या प्रयोगांच्या जागी आटोपशीर नाटक आले. पदे मोजकी झाली, भाषा घरातली, दिवाणखाना नेहमीचा आणि विनोद हलकाफुलका. मास्तर कृष्णरावांच्या चालींमुळे पदे घरोघरी पोचली.

आज मुलीने अभिनयाचे शिक्षण घ्यायचे म्हटले तर घरातून पूर्वीइतका विरोध होत नाही. पण लग्नानंतर काय, हा प्रश्न अजूनही तिलाच विचारला जातो. म्हणून ‘कुलवधू’ एकदा वाचावे, आणि शक्यतो घरातल्या सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचावे.